इंग्लंडच्या रुग्णालयांत आतड्याच्या दाहाचे दक्षिण आशियाई रुग्ण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लेस्टरमध्ये राहते. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. त्यांच्यासोबत हॉस्पिटलच्या खेपा घालता घालता ओळखीच्या आणि पुढे अनोळखी मराठी, गुजराती घरांतूनही मला फोन यायला लागले. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. औषध बदलायचं किंवा बंद करायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. पण काय विचारायचं, कुठे अडून बसायचं आणि काय गृहीत धरायचं नाही, एवढं या पानावरून कळावं.

आयबीडी म्हणजे नेमकं काय? आयबीएसच ना ते?

नाही, आणि या एका अक्षराच्या गोंधळात लोकांची वर्षं जातात. आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) म्हणजे आतड्याला दीर्घकाळ राहणारी दाहक सूज. तिचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला व्रण पडतात. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो आणि त्याने आतडं अरुंद होतं किंवा भगंदर होतं. आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) त्रास खरा असतो, पण आतड्याला जखम नसते. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घटणारं वजन, कमी होणारं हिमोग्लोबिन यांतलं काही असेल तर 'आयबीएस आहे' एवढ्यावर घरी येऊ नका. शौचाच्या नमुन्यावर कॅल्प्रोटेक्टिन नावाची तपासणी असते. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २०१३ पासून ती आयबीडी आणि आयबीएस वेगळे ओळखायला सुचवलेली आहे आणि जीपीही, म्हणजे आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टरही, ती करून घेऊ शकतात.

रक्त दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो 'मूळव्याध'. आई दोन वर्षं तेच म्हणत होत्या.

हा गोऱ्यांचा आजार आहे असं ऐकलं होतं. आपल्याला कसा झाला?

हा समज फार जुना आहे आणि एके काळी तो डॉक्टरांचाही होता. या आजारांची पहिली वर्णनं लंडन आणि न्यूयॉर्कमधून आली. सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसबद्दल लिहिलं आणि बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ मध्ये क्रोन्सबद्दल. पुस्तकांतले रुग्ण गोरे, चित्रांतली त्वचा गोरी. भारतात जुलाब आणि रक्त म्हटलं की आव, जंत किंवा क्षय, असा सरळ हिशेब होता.

तो समज लेस्टरनेच मोडला. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात 'आमच्या शहरात येऊ नका' अशी जाहिरात दिली होती. लोक तरीही आले, राहिले, दुकानं टाकली, गिरण्यांत राबले. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमध्ये आशियाई वंशाचे लोक ४३.४ टक्के होते, गोऱ्यांपेक्षा थोडे जास्तच. इतकी मोठी वस्ती एका शहरात असल्यामुळे इथल्या डॉक्टरांना मोजता आलं. १९८० च्या दशकातल्या रुग्णांची ती मोजणी १९९२ साली 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि तिच्यातून दिसलं की इथल्या दक्षिण आशियाई लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिस होण्याचं प्रमाण स्थानिक युरोपीय लोकांच्या जवळपास दुप्पट आहे. पुढच्या अभ्यासांनी इथे जन्मलेल्या दुसऱ्या पिढीकडेही बोट दाखवलं. कारणांबद्दल बरेच तर्क आहेत, आहार, लहानपणचे जंतुसंसर्ग, आतड्यातल्या जिवाणूंची बदललेली वस्ती, पण ते सगळे मी इथे उगाळत नाही. 'आपल्यात हा आजार नसतो' असं कुणी म्हणालं, मग ते डॉक्टर असोत की मावशी, तर ते तीस वर्षांपूर्वीच खोटं ठरलेलं आहे एवढं सांगा.

रुग्णालयात वंशानुसार वेगळी वागणूक मिळते, याला पुरावा आहे की नुसती भावना?

पुरावा आहे, आणि तो ज्या पद्धतीने मिळवला गेला ते सांगण्यासारखं आहे. अफिफा फर्रुख आणि जॉन मेबेरी या डॉक्टरांनी माहिती स्वातंत्र्य कायद्याचा आधार घेतला. २००० च्या या कायद्याखाली कुणीही सार्वजनिक संस्थेला प्रश्न विचारू शकतो आणि सर्वसाधारणपणे कामाच्या २० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यांनी दक्षिण आशियाई वस्ती मोठी असलेल्या भागांतल्या एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्टना, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांना, एकच प्रश्न पाठवला: तुमच्याकडे क्रोन्सचे किती रुग्ण आले, त्यांतले कोणत्या वंशाचे किती, आणि त्यांपैकी बायोलॉजिक औषध (दाहावर नेमकं काम करणारं जोरकस औषध, त्याबद्दल पुढे) किती जणांना मिळालं?

उत्तरं २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. काही ट्रस्टमध्ये दक्षिण आशियाई रुग्णांना बायोलॉजिक मिळण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा ठळकपणे कमी होतं. काही ट्रस्टमध्ये फरक नव्हता. याच जोडीने २०१४ ते २०१८ या पाच वर्षांची आकडेवारी पुन्हा मागवली, या वेळी रुग्णालयात दाखल होण्याचीही, आणि २०२० मध्ये ती मांडली. चित्र पुन्हा तसंच: काही ठिकाणी दरी, काही ठिकाणी नाही. लेस्टरमधल्या कोलायटिसच्या रुग्णांची कागदपत्रं त्यांनी वेगळी तपासली, त्यातही दक्षिण आशियाई रुग्णांचा पाठपुरावा कमी पडलेला दिसला.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती 'काही ठिकाणी नाही' ही बाजू. पुढच्या प्रश्नात त्याबद्दलच लिहिते.

आपल्या लोकांचा आजारच सौम्य असेल, किंवा आपलीच माणसं इंजेक्शनला नाही म्हणत असतील. हॉस्पिटलचा काय दोष?

हा प्रश्न मला आपल्याच लोकांनी सर्वाधिक वेळा विचारला आहे. दोन्ही शक्यता प्रामाणिकपणे तपासून पाहू.

आजार सौम्य असतो का? वायव्य लंडनमधल्या रुग्णांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. कोलायटिस असलेल्या दक्षिण आशियाई रुग्णांत संपूर्ण मोठं आतडं सुजलेलं असण्याचं प्रमाण उत्तर युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त निघालं. पसरलेला आजार जास्त आणि जोरकस औषध कमी, हे 'सौम्य' या शब्दात बसत नाही.

आपण नाही म्हणतो का? काही जण म्हणतात. सुईची भीती असते, 'एकदा सुरू झालं की सुटत नाही' असं वाटतं, कुणी तरी आयुर्वेदिक काढा सुचवलेला असतो. पण पंजाबी, गुजराती, बंगाली आणि मराठी माणसाची भीती एका शहरात एक आणि पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या शहरात वेगळी नसते. आजार तोच, माणसं तीच, नियम तेच आणि पैसा देणारी एनएचएसही तीच. मग एका ट्रस्टमध्ये दरी आहे आणि दुसऱ्यात नाही, तर फरक त्या इमारतीत कामं कशी होतात यात आहे. रुग्ण 'नाही' म्हणाला तर त्याला पुन्हा त्याच्या भाषेत समजावून कुणी सांगितलं, त्याला पुढची तारीख कुणी दिली, तो आला नाही तेव्हा फोन कुणी केला, याने हा आकडा बदलतो.

बायोलॉजिक औषधाला एवढं महत्त्व का?

स्टिरॉइडने भडका विझतो, पण वर्षानुवर्षं त्यावर राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. बायोलॉजिक ही शरीरातल्या दाहाच्या ठरावीक दुव्यावर काम करणारी प्रथिनं आहेत. इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून देतात: पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, नंतर साधारण दर आठ आठवड्यांनी. अडालिमुमॅब घरी दर दोन आठवड्यांनी टोचून घेता येतं. गंभीर क्रोन्ससाठी नाइसने इन्फ्लिक्सिमॅबला २००२ मध्येच मान्यता दिली. अशी मान्यता मिळाली की पात्र रुग्णाला ते औषध देण्यासाठी पैशाची सोय करणं एनएचएसला बंधनकारक होतं. शिवाय २०१५ नंतर इन्फ्लिक्सिमॅबची आणि २०१८ च्या अखेरीस अडालिमुमॅबची बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली तशीच औषधं, आल्यावर किमती खूप उतरल्या. म्हणून 'महाग आहे, त्यामुळे विचारायला संकोच वाटतो' हे मनातून काढून टाका.

वर्षभरात स्टिरॉइडचा दुसरा कोर्स लागला, की सरळ विचारा: माझ्यासाठी बायोलॉजिकचा विचार झाला आहे का? झाला नसेल तर का नाही? उत्तर पत्रात लिहून मागा.

म्हणजे डॉक्टर मुद्दाम भेदभाव करतात?

बहुतेक वेळा मुद्दाम कुणी काही करत नाही, आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही. तिथले कितीतरी डॉक्टर स्वतः भारतीय वंशाचे आहेत. पण सवयी कशा घडतात ते पाहा. ब्रिटिश डॉक्टरांच्या बोलीत एक शब्द अनेक वर्षं फिरत आला आहे, 'मिसेस बीबी सिंड्रोम'. इंग्रजी न येणारी, मध्यमवयीन, दक्षिण आशियाई बाई, जी 'सगळं अंग दुखतं' म्हणते आणि जिच्यात काही सापडणार नाही असं आधीच ठरलेलं असतं. हा शब्द कुठल्या पुस्तकात शिकवला जात नाही. तो वॉर्डात ऐकून शिकला जातो. आणि मग दहा मिनिटांच्या भेटीत, दुभाषा नसताना, थकलेल्या तरुण डॉक्टरच्या डोक्यात तो काम करतो. त्याला आपण अन्याय करतोय असं वाटतही नाही.

या शब्दाचा मला मनापासून राग आहे. आईंच्या वयाच्या बायका दुखणं सहन करून करून, अगदी नाइलाज झाला की डॉक्टरकडे जातात. त्यांचं 'सगळं अंग दुखतं' हे कधी कधी सांध्यांपर्यंत पोचलेल्या आयबीडीचंच लक्षण असतं. आयबीडीत सांधे, डोळे, त्वचा, यकृत या सगळ्यांना त्रास होऊ शकतो.

डॉक्टरांना लक्षणं कशी सांगायची? इंग्रजी येतं, तरी नीट सांगता येत नाही.

इथे जरा थांबते, कारण आमच्या घरातली चूक इथेच झाली. आई म्हणायच्या, "पोट साफ होत नाही." मी त्याचं इंग्रजी केलं ते बद्धकोष्ठाचं. त्यांना रेचक मिळालं, आणि त्यांचे हाल वाढले. त्यांना म्हणायचं होतं की जाऊन आलं तरी पुन्हा लागल्यासारखं वाटतं, कुंथावं लागतं आणि थोडी आव नि रक्त याशिवाय काही पडत नाही. डॉक्टरांच्या भाषेत हे मलाशयाच्या सुजेचं लक्षण आहे आणि बद्धकोष्ठाच्या अगदी उलट टोकाचं. ती चूक माझी होती. पण मला दुभाषी म्हणून उभं करण्याऐवजी त्या दिवशी खरा दुभाषा बोलावला असता, तर ती झाली नसती, हेही तितकंच खरं.

आपले शब्द मोजक्या, मोजता येणाऱ्या गोष्टींत मोडून सांगा. 'मुरडा येतो' म्हणजे शौचाच्या आधी पोटात पिळवटल्यासारखं दुखतं आणि जाऊन आल्यावर थोडं बरं वाटतं. 'आव पडते' म्हणजे शेंबडासारखा चिकट पदार्थ. 'लूज मोशन' हा शब्द आपण पाणीदार एका जुलाबापासून पंधरा खेपांपर्यंत कशालाही वापरतो, म्हणून आकडा सांगा: दिवसात किती वेळा, रात्री किती वेळा, किती वेळा रक्त. 'घाई लागते' म्हणजे किती मिनिटं धरून ठेवता येतं? कपडे खराब झाले का? हे शेवटचं कुणी आपणहून सांगत नाही. सांगा. आठवडाभराच्या खेपा वहीत लिहून न्या, कारण ती वही भाषांतराशिवाय समजते.

बायकांनी पुरुष डॉक्टरसमोर किंवा मुलासमोर हे बोलायला लाजू नये असा उपदेश मी करणार नाही. लाज वाटतेच. म्हणून वेळ घेतानाच 'बाई डॉक्टर किंवा बाई नर्स हवी' असं सांगून ठेवा. आयबीडीच्या खास नर्स असतात आणि त्यांच्याशी बोलणं पुष्कळदा सोपं जातं.

दुभाषा मागितला तर पैसे पडतात का? मुलगा करतोच की भाषांतर.

पैसे पडत नाहीत. एनएचएसमध्ये व्यावसायिक दुभाषा मोफत असतो, प्रत्यक्ष किंवा फोनवर. वेळ ठरवतानाच 'मराठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर 'इंडियन' म्हणून हिंदी किंवा गुजराती बोलणारी व्यक्ती येते. हिंदी चालत असेल तर ठीक, पण तुम्ही ठरवा, त्यांनी नाही.

मुलगा सोबत असू द्या, धीर द्यायला. पण चौदा वर्षांच्या मुलाला आईच्या शौचाबद्दल, मासिक पाळीबद्दल, शस्त्रक्रियेच्या संमतीबद्दल बोलायला लावणं त्या दोघांवर अन्याय आहे. मुलं वाईट बातमी गाळतात. मोठी माणसंही गाळतात. मी गाळली आहे.

आम्हाला आधी क्षयरोगाबद्दलच का विचारतात?

राग येऊ देऊ नका, हा प्रश्न योग्य आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून इतके सारखे दिसू शकतात की भारतातले निष्णात डॉक्टरही चकतात. क्षयाला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर क्षय भडकतो, आणि क्रोन्सला क्षय समजून महिनोन्महिने क्षयाची औषधं दिली तर आजार आत आत वाढतो. म्हणून अनेकदा क्षयाची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते बघतात. न भरल्यास निदानाचा पुन्हा विचार झालाच पाहिजे. तारीख आधीच मागून ठेवा.

दुसरं कारण असं की इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं शरीरात झोपलेला क्षय जागा करू शकतात. म्हणून ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि रक्ताची चाचणी करतात. लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे ही रक्तचाचणी चुकीची होकारार्थी येत नाही. सुप्त क्षय निघालाच, तरी त्याचा अर्थ बायोलॉजिक कायमचं बंद असा होत नाही. तीन महिन्यांचा दोन औषधांचा किंवा सहा महिन्यांचा एका औषधाचा कोर्स असतो, आणि आजार जोरात असेल तर तो पूर्ण होण्याआधीही बायोलॉजिक सुरू करता येतं. 'क्षयाचं बघू आणि मग कळवू' या वाक्यानंतर वर्ष गेलं असेल, तर फाइल कुठे अडकली आहे ते विचारायची वेळ झाली आहे.

अझाथायोप्रिन सुरू करताना रक्त तपासलं, 'सगळं नॉर्मल' म्हणाले. तरी पांढऱ्या पेशी उतरल्या. असं कसं?

प्रतिकारशक्ती दाबून दाह आवरणारं हे औषध शरीर कसं पचवतं हे बघायला ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं टीपीएमटी नावाच्या एका विकराची (एन्झाइमची) तपासणी होते. युरोपीय वंशाच्या लोकांत त्रास कुणाला होईल ते त्याने बऱ्यापैकी कळतं. पण २०१४ मध्ये कोरियातल्या क्रोन्सच्या रुग्णांच्या अभ्यासातून एनयूडीटी१५ या वेगळ्या जनुकातला बदल सापडला. तो आशियाई लोकांत, भारतीयांतही, कितीतरी जास्त आढळतो आणि युरोपीय लोकांत विरळा. म्हणजे टीपीएमटी 'नॉर्मल' असूनही आपल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. सुरुवातीच्या आठवड्यांत भसाभस केस गळणं ही मोठी धोक्याची खूण आहे.

ही उणीव कुणाच्या मनातल्या पूर्वग्रहातून आलेली नाही. अभ्यास कुणाच्या रक्तावर झाला, त्यातून ती आली. परिणाम मात्र आपल्याच वाट्याला येतो. गोळी सुरू करण्याआधी विचारा: एनयूडीटी१५ ची चाचणी इथे होते का? होत नसेल तर पहिल्या दोन महिन्यांत रक्त किती वेळा तपासणार? ताप किंवा घशात फोड आले तर त्याच दिवशी फोन करा.

सावळ्या त्वचेवर खुणा वेगळ्या दिसतात का?

हो. आयबीडीत नडगीवर येणाऱ्या दुखऱ्या गाठी पुस्तकात लालभडक असतात. आपल्या कातडीवर त्या जांभळट, तपकिरी किंवा नुसत्याच गडद दिसतात, म्हणून हात लावून दाखवा. रक्त कमी झाल्याचा फिकेपणा चेहऱ्यावर कळत नाही, तो खालच्या पापणीच्या आत, जिभेवर आणि तळहातांवर दिसतो.

फॉर्मवर वंशाचा रकाना असतो. भरावा का? उद्या आपल्याविरुद्ध वापरला तर?

भरा. भीती मला समजते, कारण इथे रंगावरून ऐकून घ्यावं न लागलेलं आपलं एकही घर मी पाहिलेलं नाही. तरीही भरा. इंग्लंडच्या रुग्णालयांत भारतीयांसाठी 'एच', पाकिस्तान्यांसाठी 'जे', बांगलादेशींसाठी 'के' अशी अक्षरं असतात. रकाना रिकामा राहिला की तुम्ही 'झेड'मध्ये जाता, म्हणजे 'सांगितलेलं नाही'. फर्रुख आणि मेबेरी यांना जे मोजता आलं ते लोकांनी हा रकाना भरला म्हणूनच. 'झेड' वाढले की दरी असली तरी दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती दुरुस्त करायला कुणी पैसा देत नाही.

चुकीचं अक्षर टाकलेलं असतं, हेही तपासा. रिसेप्शनवर चेहरा किंवा आडनाव बघून कुणीतरी भरून टाकलेलं असतं.

कधी वाट न बघता रुग्णालयात जायचं?

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्तासह शौच, आणि जोडीला ताप, किंवा नाडी ९० च्या वर, किंवा हिमोग्लोबिन खूप उतरलेलं. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी घालून दिलेला हा निकष आजही वापरात आहे. ही आणीबाणी असते. दाखल करून शिरेतून स्टिरॉइड देतात आणि तिसऱ्या दिवशी त्याने उतार पडतोय का ते बघतात. पडत नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब, सायक्लोस्पोरिन किंवा शस्त्रक्रिया, यांतलं पुढचं पाऊल ठरवायचं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला घरचं माणूस हजर ठेवा आणि दुभाषा आदल्या दिवशीच मागा. निर्णय त्या दिवशी होतो.

पोट फुगून टणक झालं, उलट्या थांबत नाहीत, गॅससुद्धा सरत नाही, तर सहाची मोजणी करत बसू नका.

वॉर्डात रोज पोटात इंजेक्शन देतात. ते डुकरापासून बनतं म्हणे. नाकारलं तर?

आयबीडीच्या भडक्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका बराच वाढतो, म्हणून हेपरिनच्या जातीचं औषध देतात. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनवतात, हे खरं आहे. नुसतं 'नको' म्हणू नका, कारण कागदावर 'रुग्णाने नकार दिला' एवढंच उरतं. कारण सांगा आणि कृत्रिमरीत्या बनवलेला पर्याय विचारा. फोंडापॅरिनक्स नावाचा असा पर्याय आहे. जिलेटिनच्या कॅप्सूलचंही तसंच, फार्मासिस्टला विचारलं तर बहुतेक वेळा गोळीचा मार्ग निघतो.

आहाराच्या पत्रकात आपल्या जेवणातलं काहीच नसतं.

नसतंच. ब्रोकोली, ओट्स, जॅकेट पोटॅटो. आईंनी ते पत्रक उलटं घालून त्यावर वाण्याची यादी लिहिली. डाएटिशियनची भेट मागा आणि घरात आठवडाभर खरंच काय शिजलं ते लिहून न्या. क्रोन्सने आतडं अरुंद झालं असेल तर मटकीची उसळ, शेंगदाण्याचं जाडसर कूट, कच्च्या काकडीची कोशिंबीर, सालासकट फळं, ओल्या खोबऱ्याचा चव यांनी अडकू शकतं. अशा वेळी मऊ भात, गाळलेलं वरण, मुगाची पातळ खिचडी, सोललेला शिजवलेला दुधी बरा पडतो. पण आजार शांत असताना सगळं वर्ज्य करून बसणारे लोक मी पाहिले आहेत, ते नुसते वाळत जातात. शाकाहारी माणसाचं बी-१२, लोह आणि इथल्या अंधाऱ्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्व तपासायला लावा.

भारतातून काय कागद आणावेत?

दुर्बिणीचे अहवाल, बायोप्सीचा अहवाल, आधी क्षयाची औषधं घेतली असतील तर त्यांची नावं आणि महिने. पुण्यातल्या किंवा नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडचा डोस लपवू नका. काढे, भस्मंही सांगा, काहींत शिसं किंवा पारा असतो.

आई व्हिजिटर व्हिसावर आली आहे आणि भडका उठला. फुकट उपचार मिळतील?

जीपीची भेट आणि अपघात-आणीबाणी विभागातली तपासणी मोफत असते. दाखल केलं की बिल लागतं, आणि तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. विमा काढल्याशिवाय, आणि त्यात आयबीडी जाहीर केल्याशिवाय, वडीलधाऱ्यांना आणू नका.

आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं तर तक्रार कशी करायची? पुढच्या उपचारांवर परिणाम होईल का?

होता कामा नये, आणि तसं झालं तर ती दुसरी तक्रार. आधी तुमची फाइल मागा. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे, मोफत, आणि सर्वसाधारणपणे महिन्याभरात. वाचलीत की पुष्कळदा कळतं की कुठे काय लिहिलं गेलं. मग रुग्णालयातल्या 'पॅल्स' या मदत कक्षाकडे बोला. लेखी तक्रार घटनेपासून १२ महिन्यांत करायची, तिची पोच कामाच्या तीन दिवसांत यायला हवी. उत्तराने समाधान झालं नाही तर ओम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं.

वंशामुळे झालं असं वाटत असेल तर तो शब्द लिहा. २०१० च्या समानता कायद्याचं कलम १४९ सार्वजनिक संस्थांवर समान संधीचा विचार करण्याचं कर्तव्य टाकतं. सेवा देताना झालेल्या भेदभावाबद्दल कोर्टात जायची मुदत मात्र फक्त सहा महिने असते, तक्रारीच्या उत्तराची वाट पाहताना ती उलटून जाऊ शकते. आणि स्वतःच्या प्रकरणापलीकडे जायचं असेल, तर वर सांगितलेला माहिती स्वातंत्र्याचा अर्ज ईमेलनेही करता येतो. वकील लागत नाही.

मला दहा वर्षांपूर्वी 'आता बरं आहे, जीपीकडे जा' म्हणून क्लिनिकमधून सोडलं. तेव्हापासून कुणी बोलावलं नाही. आता पुन्हा जाता येईल?

हो, आणि या आठवड्यात जा. आजार शांत असला तरी मोठ्या आतड्यात पसरलेल्या कोलायटिसमध्ये कर्करोगाचा धोका वर्षांगणिक वाढतो, म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण आठ ते दहा वर्षांनी तपासणीची दुर्बीण सुरू व्हायला हवी. क्लिनिकच्या यादीतून नाव गेलं की ते बोलावणं येतच नाही. जीपीला सांगा, 'मला कोलायटिस अमुक साली झाला, इतकं आतडं सुजलं होतं, आणि देखरेखीची कोलोनोस्कोपी कधीच झाली नाही, मला पुन्हा पाठवा.' साल आठवत नसेल तर जुनी औषधाची चिठ्ठी शोधा. आईंचं साल आम्हाला देवघराच्या कपाटात, एका जुन्या प्रिस्क्रिप्शनवर सापडलं.